वहिनी आणि भुताच्या कादंबऱ्या

वहिनीचं कादंबऱ्यांबद्दलचं पहिलं मत मी ऐकलं ते ती लग्न होऊन आमच्या घरी आल्यावर महिन्याभरातच. मी तेव्हा बी.ए.ला होते. कॉलेजातून आले तर वहिनी ओसरीवर बसलेली, समोर परातीत निवडायचे तांदूळ, आणि मांडीवर मी सकाळी विसरून गेलेली कादंबरी. मला पाहून ती पुस्तक लपवायला गेली, मग थांबली आणि म्हणाली, "बाई, ह्या गोष्टीतल्या पोरीले घरी काही काम नाही काय वं? सकाळपासून खिडकीतच उभी हाये."

मी हसले. ती हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

वहिनी पारशिवनीकडची. माहेरी धानाची शेती, गाईम्हशी, माणसांचा मोठा बारदाना. शाळा सातवीपर्यंत. वाचायची हळूहळू, ओठ हलवत, पण वाचलेलं विसरायची नाही. वयानं ती माझ्याहून थोडीच मोठी, म्हणून मी तिला सरळ 'तू' म्हणायची. आईला ते खपायचं नाही. घरात आम्ही चौघंच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादाचं नागपुरात सदरला सायकलींचं दुकान होतं, आणि दुकानामागच्याच वस्तीत आमचं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे विहिरीचं अंगण.

दादाच्या दुकानापासून थोड्या अंतरावर एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हणायचं इतकंच. एका गाळ्यात छतापर्यंत फळ्या मारलेल्या आणि त्यांवर खाकी कागदाची कव्हरं घातलेली पुस्तकं. मालक चाळिशी ओलांडलेले, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. महिन्याच्या महिन्याला नवीन कादंबऱ्या यायच्या. खालच्या फळ्यांवर प्रेमाच्या, वरच्या फळीवर भुताखेतांच्या. मी खालच्या फळीची गिऱ्हाईक होते. खरं सांगायचं तर त्या पुस्तकांवर माझा विश्वास होता. आपल्यालाही कधीतरी असा उंच, कमी बोलणारा कुणी भेटेल, पावसात गाडी बंद पडेल, गैरसमज होईल आणि शेवटच्या पानावर तो मिटेल, असं मला वाटायचं.

दुपारी जेवणं आटोपली की आई पडायची, आणि वहिनी आणि मी ओसरीवर बसायचो. मी मोठ्यानं वाचायची, ती हातानं काहीतरी करत राहायची आणि मध्येच थांबवायची. तिची मतं अशी:

"हा एवढा श्रीमंत हाये त ह्याच्या घरी कोनी म्हातारं मानूस काहून नाही? सगळे मेले काय?"

"हे पोरगी रडून रायली अन् रडता रडता सुंदर दिसून रायली म्हन्ते. मी रडली त माहं नाक बटाट्यावानी होते."

आणि सगळ्यांत मोठी तक्रार ही, की लग्न झालं की पुस्तक संपतं. "असं काहून करते वं हे लोकं? खरी गोष्ट त इथून पुढे हाये. पहिल्या दिवशी तिले चूल पेटवता आली का नाही, सासू काय म्हनली, हा हिच्यासंग जेवाले बसला का नाही, काहीच नाही सांगत."

एकदा मी चुकून वरच्या फळीवरचं पुस्तक आणलं आणि तिथून वहिनी बदलली. भुताची गोष्ट असली की ती हातातलं काम बाजूला ठेवायची. पाय जवळ घ्यायची. पण तिथेही तिचे आक्षेप होतेच. या कादंबऱ्यांतली भुतं डोंगरावरच्या बंगल्यांत राहायची, पियानो वाजवायची, पांढऱ्या साडीत जिन्यावरून उतरायची. वहिनीला हे पटत नव्हतं. "भुताले बंगलाच काहून लागते? आमच्याकडे त गोठ्यातही रायते. माह्या आजीच्या टायमाले एक बाई होती, मेल्यावर बी येऊन वासराले पानी पाजून जाये. तिले कोनाचा सूड नव्हता घ्यायचा."

"मग कशाला यायची?"

"वासरू तिचं होतं ना," वहिनी म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा.

पुढच्या वर्षी वहिनी बाळंतपणासाठी माहेरी गेली. मुलगी झाली. तीन महिन्यांनी दोघी परत आल्या, आणि आमच्या वाचनाला एक तिसरी श्रोती मिळाली. पोर मोठी गमतीची होती. मी वाचत असले की टक लावून माझ्या तोंडाकडे पाहायची आणि थांबले की ओरडायची. बसायला लागल्यावर तिनं एका प्रेमाच्या कादंबरीचं खाकी कव्हर कोपऱ्यातून चावून खाल्लं. वहिनी म्हणाली, "तिलेही आवडलं नाही वाटते." दादा कमी बोलणारा माणूस, पण दुकानातून आला की हाताचं काळं ग्रीस घासलेटानं पुसून, मग साबणानं दोनदा धुऊन, वास घेऊन बघून मगच तो पोरीला उचलायचा.

पोर मे महिन्यात गेली. नागपूरचा मे. खिडकीला वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी मारत बसायचं आणि तरी भिंती पोळायच्या. सकाळी पोरीला उलट्या सुरू झाल्या, मग हगवण. आईनं घरचे उपाय केले. दुपारी दादानं तिला दवाखान्यात नेलं, त्यांनी सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत दादा तिला परत घेऊन आला. टॉवेलात गुंडाळलेली होती. त्याच्या चालण्यावरून मला कळलं. जिवंत मूल घेऊन माणूस असा हळू चालत नाही.

एवढ्या लहान मुलांना अग्नी देत नाहीत, पुरतात. आणि आमच्याकडे बायका घाटावर, म्हणजे स्मशानात, जात नाहीत. वहिनी दारापर्यंत गेली. आईनं आणि शेजारणीनं तिला दंडाला धरून ठेवलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तिले टोपरं घाला हो. ऊन हाये." दादा परत आत आला, खुंटीवरचं टोपरं घेतलं आणि गेला.

त्यानंतरची एक गोष्ट मी कुठल्याही कादंबरीत वाचलेली नाही, ना खालच्या फळीवरच्या, ना वरच्या. वहिनीला दूध येत राहिलं. पोर नव्हती आणि दूध येत होतं. ब्लाउज भिजायचा, ती बदलायची, पुन्हा भिजायचा. ताप चढला. आईनं मोगऱ्याची फुलं आणवली, ओल्या फडक्यात घालून तिच्या छातीला घट्ट बांधली. त्यानं दूध आटतं म्हणतात. खोलीभर मोगऱ्याचा वास सुटला. प्रेमाच्या कादंबऱ्यांत पानोपानी मोगरा असायचा, नायिकेच्या केसांत, उशीवर. त्या दिवसांनंतर मला ती पानं वाचवेनात. मी मोगरा कधी माळलाही नाही, माझ्या लग्नातसुद्धा.

पाऊस पडून गेला, हवा थंड झाली. वहिनी स्वयंपाक करत होती, धुणं धूत होती, विचारलं त्याचं उत्तर देत होती. दादा आणि ती एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं. तो ताटावर बसायचा, ती वाढायची, तो उठायचा. दोघंही एकाच खोलीत वेगवेगळ्या भिंतींकडे पाहत बसलेले मी कितीदा पाहिले. मग एक दिवस मी बाहेर निघाले तर वहिनी मागून म्हणाली, "लायब्ररीत जाऊन रायली काय, बाई?"

मी नव्हते जाणार. पण हो म्हणाले.

"भुताचं आन."

मी वरच्या फळीवरचं एक पुस्तक घेतलं. मालकांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. वस्तीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. "हे नका नेऊ," ते म्हणाले, "ह्यात लहान मूल आहे." त्यांनी दुसरं दिलं. त्यात एक मेलेला जमीनदार आणि पुरलेलं सोनं होतं. वहिनीनं दोन दुपारी ऐकलं आणि म्हणाली, "हे नको. मूल असलेलं आन."

मी मालकांना तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग शिडी लावून वर चढले आणि एकेक पुस्तक काढून पाहत राहिले. त्यानंतरचे दोन-तीन महिने आम्ही फक्त तसली पुस्तकं वाचली. नव्या आलेल्यांतली सगळी आणि मग जुनी. एकात मुलगा विहिरीतून हाका मारायचा. एकात झोपाळा आपोआप हलायचा. एकात मेलेली मुलगी दुसऱ्याच घरात जन्मते आणि रस्त्यात आईला ओळखते. वहिनी आता आक्षेप घेत नव्हती, बंगला का म्हणून विचारत नव्हती. ती माहिती गोळा केल्यासारखी ऐकत होती. मध्येच म्हणायची, "थांब, ते परत वाच. तिनं काय केलं म्हनते?" आणि मी परत वाचायची की आईनं उंबऱ्यावर दिवा ठेवला, किंवा मुलाचं अंगडं उशाशी घेतलं. दुसऱ्या दिवशी आमच्या उंबऱ्यावर दिवा असायचा. आई मला ओरडायची, "काहून देतं तिले हे वाचाले? येडी होईन ते." पण दिवा तिनंही कधी विझवला नाही.

या काळात दादा दुपारी जेवायला आला की लगेच दुकानात परत जाईनासा झाला. आतल्या खोलीत खाटेवर पडून राहायचा. मला वाटायचं झोपलाय. एकदा पाणी प्यायला आत गेले तर तो डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होता आणि मी वाचत होते तिकडे त्याचा कान होता. जन्मात त्यानं कादंबरी उघडली नव्हती. मी त्या दिवसापासून जरा मोठ्यानं वाचू लागले.

दिवाळीच्या अलीकडची गोष्ट. जी कादंबरी चालू होती तिच्यातली बाई शेवटी मुलाला पुरलेल्या जागी जाते. मातीवर हात ठेवून त्याच्या नावानं हाक मारते आणि मूल येतं. लेखकानं ते चांगलं लिहिलं होतं. घाबरवायचं म्हणून लिहिलं नव्हतं. मूल येऊन फक्त तिच्या बांगड्यांशी खेळतं.  वहिनीनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, बंद केलं आणि उठून आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा ती दादाशी आपणहून बोलली.

"मले ती जागा दाखवा."

दादा उठून बसला. "काय करतं तिथं जाऊन?"

"मले नेलं नाही तुमी. माह्या पोरीले कुठी ठेवलं ते मले माहीत नाही. दाखवा मले."

आई मध्ये पडली. बायका घाटावर जात नाहीत, लोक काय म्हणतील, काही लागलं-धरलं तर. दादानं आईचं सगळं ऐकून घेतलं. मग शर्ट घातला आणि बाहेर जाऊन सायकलरिक्षा बोलावून आणली. वहिनी आणि मी रिक्षात बसलो, तो आपल्या सायकलवर. ऊन कलतं झालं होतं. वहिनीनं मुठीत काहीतरी धरलं होतं. नंतर पाहिलं, पोरीच्या हातातली काळ्या मण्यांची मनगटी होती.

घाटाच्या मागे नदीच्या बाजूला ती जागा होती. पावसाळाभर कुणी तिकडे फिरकलेलं नव्हतं. कमरेएवढा तरोटा वाढलेला, मध्ये गवत, कुठे माती खचलेली, कुठे सपाट. खूण अशी कशालाच नव्हती. दादा पुढे झाला. एका बाभळीपाशी थांबला, म्हणाला, "इथं." मग मागे वळून पाहिलं. "नाही. तेव्हा बाभूळ डाव्या हाताले होती." दहा पावलं गेला. तरोटा पायानं बाजूला केला. परत आला. पुन्हा गेला. "इथं एक दगड ठेवला होता मी. मोठा दगड ठेवला होता." तो वाकून हातानं गवत उपटायला लागला. त्याचा वेग वाढत गेला, इथे उपट, तिथे उपट, आणि मग तो तसाच मातीत बसला आणि तोंड उघडून रडायला लागला. वडील गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता. "मले सापडून नाही रायली," तो म्हणत होता, "मी चार खेपा येऊन गेलो. मले जागाच सापडून नाही रायली."

तेव्हा आम्हाला कळलं की तो एकटा येत होता. दुकानातून यायला उशीर व्हायचा, त्या संध्याकाळी.

वहिनी त्याच्याजवळ गेली, शेजारी बसली. तिनं त्याचे मातीचे हात आपल्या पदरानं पुसले. "असू द्या," म्हणाली. "इथंच कुठी तरी हाये. लांब नाही गेली." मग तिनं जमिनीवर हात ठेवला. मी पुस्तकातलीच बाई पाहतेय असं मला वाटलं. वहिनीनं पोरीच्या नावानं हाक मारली. एकदा, घरात मारावी तशी, साध्या आवाजात. मग थांबून पुन्हा एकदा.

आम्ही तिघंही वाट पाहत होतो. मी कॉलेजात शिकणारी मुलगी, आणि मी श्वास रोखून वाट पाहत होते. तरोट्यातून वारा गेला. नदीपलीकडे कुणी म्हशी हाकत होतं. बाकी काही झालं नाही.

वहिनीनं मनगटी तिथेच बोटानं खड्डा करून पुरली आणि उठली. "चला," म्हणाली. परत येताना रिक्षात ती पदराला लागलेली माती झाडत बसली होती. सदर जवळ आलं, दुकानांचे दिवे लागत होते, तेव्हा म्हणाली, "खोटं लिवते बाई हे लोकं. भीती खोटी लिवली त चालते. हे खोटं नाही लिवू. आई हाक मारते अन् लेकरू येते, असं असतं त कोनाचं लेकरू गेलं असतं?"



घाटावरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात जायचं नसतं. आई अंगणाच्या दारात तोंड फिरवून उभी होती. दादानं सायकल भिंतीला लावली, विहिरीवर गेला आणि पाणी शेंदायला लागला. मला वाटलं स्वतःसाठी. पण त्यानं वहिनीला दगडावर बसवलं आणि बादली उचलून तिच्या डोक्यावर हळूहळू पाणी ओतलं. नेसत्या साडीसकट. मग दुसरी बादली. शेजारच्या बायका भिंतीवरून पाहत होत्या. त्या काळात आमच्या वस्तीत नवरा चारचौघांत बायकोच्या हातातली पिशवीसुद्धा घ्यायचा नाही. दादानं वाकून तिच्या पायांची माती चोळून धुतली. आई आत गेली आणि कोरडं लुगडं आणून माझ्या हातात दिलं.

मी तोपर्यंत शेकडो प्रेमाच्या कादंबऱ्या वाचल्या असतील. त्या दिवसानंतरही वाचल्या, अजून वाचते. नव्या येतात, त्यांत आता नायिका नोकरी करतात, स्कूटर चालवतात. पण वाचताना मी विहिरीजवळचा तो दगड शोधत असते, आणि तो सापडत नाही. मग पुस्तक आवडलं का म्हणून कुणी विचारलं तर मी 'बरं आहे' म्हणते.

वहिनीनं ती कादंबरी पुरी केली नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः लायब्ररीत गेली, मालकांसमोर पुस्तक ठेवलं, नमस्कार केला आणि आली. त्यानंतर तिनं पुस्तक हातात धरलं नाही. दुपारी मी वाचत बसले की ती समोर बसून काम करायची, पण 'मोठ्यानं वाच' म्हणाली नाही. उंबऱ्यावरचा दिवा बंद झाला. दादा आणि ती मात्र बोलायला लागली, थोडंथोडं, भाजीबद्दल, पाण्याबद्दल.

माझं लग्न झालं. सासर भंडाऱ्याचं. माझा नवरा उंचही नव्हता आणि कमी बोलणाराही नव्हता, पण ती गोष्ट इथली नाही. काही वर्षांनी निरोप आला की वहिनीला मुलगी झाली. मी बारशाला आले. घर पाहुण्यांनी भरलेलं, पाळणा सजवलेला. आई त्या दिवशी इतकी आनंदात होती की आल्यागेल्या प्रत्येकीला सांगत होती, "पाहा, तसंच नाक, तशीच हनुवटी. तीच आली माही नात परत. घर विसरली नाही." बायका मान डोलवत होत्या. कुणी डोळे पुसत होत्या. कानात नाव सांगायची वेळ झाली. आई म्हणाली, "नाव तेच ठेवू. तीच हाये त नाव बी तेच."

वहिनी पाळण्याशी उभी होती. मोठ्यानं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. त्या दिवशी मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

"ही ते नाही," ती म्हणाली. "ते येगळी होती. ते गेली."

"अवं, असं अशुभ..." आई म्हणायला लागली.

"आई, तिचं नाव तिच्यापाशीच राहू द्या. तिच्याजवळ दुसरं काही नाही." आणि मग पाळण्यातल्या पोरीकडे बोट दाखवून, "हिले हिचं द्या."

 दादा मागे पुरुषांत उभा होता, तो पुढे आला. आता कानशिलं पांढरी झालेला, पोट थोडं सुटलेला. त्यानं आईला धरून खुर्चीवर बसवलं, आणि मला म्हणाला, "आत्या तू हायेस. तूच सुचव काहीतरी."

मी पाळण्यावर वाकले. पोर जागी होती, कुणाकडेच नाही अशी वर पाहत होती. मला खूप नावं येत होती, वाचलेल्या सगळ्या नायिकांची, आणि एकही घ्यावंसं वाटेना. शेवटी वहिनीच्या आईचं, त्या पारशिवनीच्या म्हातारीचं साधं नाव मी घेतलं. वहिनीनं मान हलवली. मी ते पोरीच्या कानात सांगितलं. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. वहिनी पाळण्याची दोरी धरून उभी होती आणि रडत होती, आणि त्या गर्दीत तिच्याकडे बघत उभा असलेला दादाही रडत होता.